अर्धवट चित्र टेबलावरच राहू द्या : अपंग कलाकारांसाठी स्टुडिओ उभारताना

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. त्याआधी एकोणीस वर्षं मी पाट्या रंगवत होते. अक्षराचं वळण, ब्रशचा दाब, कुठे थांबायचं, सगळं उजव्या हाताला ठाऊक होतं. आजारानंतरचं दीड वर्ष घरात गेलं. व्यायाम चालू होते, घरची माणसं जीव लावत होती, पण सकाळी उठून करायचं काय याला उत्तर नव्हतं.

मग एका ओळखीच्या ताईंनी मला एका सामूहिक स्टुडिओत नेलं. दहा-बारा जण आपापल्या कामात होते. कुणी व्हीलचेअरवर, कुणाला दिसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. मला खिडकीजवळचं टेबल आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला कागद मिळाला. डाव्या हातानं मी एक रेघ ओढली, जेमतेम वीतभर, थरथरलेली. तेवढ्यानंच घाम फुटला. निघताना मी चिकटपट्टी सोलायला लागले तर तिथले दादा म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "कुठलं हो." "मग राहू द्या की तिथेच. परवा आलात की पुढचं करा."

मधल्या दोन दिवसांत मी त्या एका रेघेचा किती विचार केला! तिच्या शेजारी दुसरी हवी, की खालून एक जाड ओढावी? दीड वर्षात पहिल्यांदा माझं काहीतरी काम कुठेतरी अर्धं पडलेलं होतं, आणि ते माझ्यावाचून पुरं होणार नव्हतं.

आता अकरा वर्षं मी स्वतः असा स्टुडिओ चालवते. नवा स्टुडिओ काढू पाहणारे भेटायला येतात आणि रॅम्प, साहित्य, पैसा यांबद्दल विचारतात. ते सगळं पुढे सांगतेच. पण आधी हे ठरवा की अर्धवट काम आहे त्या जागी राहील. रोज संध्याकाळी टेबलं रिकामी करावी लागली तर तो वर्ग होतो. वर्गालाही मोल आहे, पण वर्गात माणूस आजच्यापुरता येतो. स्टुडिओत त्याचं काहीतरी त्याची वाट पाहत असतं.

जागा आठवड्यातून दोनच दिवस मिळत असेल, बाकी दिवस तिथे दुसरे कार्यक्रम होत असतील, तरी हे जमतं. आम्ही पहिली तीन वर्षं तसंच केलं. प्रत्येकाला एक हलकी फळी दिली. काम फळीवरच चिकटवायचं, आणि वेळ संपली की फळी जशीच्या तशी चाकांच्या मांडणीत आडवी सरकवायची. दोन फळ्यांमध्ये चार-पाच बोटांचं अंतर ठेवलं तर ओला रंग आणि मातीचं छोटं काम दोन्ही मावतात. फळीच्या कडेला त्या माणसाची खूण असावी. नाव लिहिता-वाचता येत असेल तर नाव, नाहीतर त्यानंच काढलेलं चिन्ह. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोटाला लागेल अशी खाच किंवा बटण.

जागा बघताना

जागा बघायला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्याला बरोबर न्याच. मापं वहीत बरोबर येतात आणि तरी प्रत्यक्षात खुर्ची अडते. दरवाजा उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ३२ इंच हवी, ३६ मिळाली तर उत्तम. खुर्ची पूर्ण वळायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते, आणि ती टेबलांच्या मधे लागते, फक्त दाराशी असून भागत नाही. रॅम्पचा चढ एकास बारा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. फळी टाकून केलेला उभा रॅम्प धोक्याचा असतो, त्यावरून लोटताना मागचा माणूसही घसरतो. टेबलाखाली गुडघे जायला किमान २७ इंच उंची मोकळी लागते. टेबल बुटकं असेल तर चारी पायांखाली लाकडाचे पक्के ठोकळे द्या, आणि मधली आडवी पट्टी काढून टाका. ती पट्टीच गुडघ्यांना अडते.

संडास तपासल्याशिवाय जागा पक्की करू नका. संडासात जाता येत नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा माणसाला चित्र कसं सुचेल?

उजेड आणि आवाज याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लुकलुकणारी ट्यूबलाइट आपल्याला नुसती खटकते, पण पुष्कळ स्वमग्न (ऑटिस्टिक) माणसांना ती सहनच होत नाही. आमच्याकडे एक मुलगा रोज वीस मिनिटांत उठून बाहेर जायचा. आम्ही समजत होतो, त्याचं मन लागत नाही. एकदा वीज गेली, आणि त्या दिवशी तो सलग दोन तास बसून काढत राहिला. त्या आठवड्यात आम्ही सगळे दिवे बदलले. शांत कोपरा मात्र वेगळा लागतोच. एक पडदा, एक खुर्ची, भिंतीकडे तोंड. तिथे जाण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलताना आपल्या पाठीमागे खिडकी नको. तोंड अंधारात जातं, ओठ दिसत नाहीत.

पहिले महिने काहीच घडत नाही

बहुतेक स्टुडिओ इथे धीर सोडतात, म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचा स्टुडिओ आहे. फ्लोरेन्स लुडिन्स-कॅट्झ आणि इलायस कॅट्झ या जोडप्यानं तो १९७४ साली सुरू केला. ती कलाशिक्षिका, तो मानसशास्त्रज्ञ. अपंगांना कोंडून ठेवणाऱ्या मोठ्या संस्थांमधून तेव्हा माणसं बाहेर येत होती, आणि त्यांच्यासाठी बाहेर काहीच नव्हतं. १९८७ साली तिथे जुडिथ स्कॉट आली. तिला डाऊन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. सात वर्षांची असताना तिला संस्थेत टाकलं होतं, आणि पस्तीसएक वर्षांनी जुळ्या बहिणीनं तिथून सोडवून आणलं होतं. स्टुडिओत सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षं तिनं कशातच रस दाखवला नाही. मग धाग्यांचं काम करणारी एक कलाकार तिथे कार्यशाळा घ्यायला आली, आणि जुडिथनं धागा हातात घेतला. ती वस्तूंभोवती सूत, लोकर, चिंध्या गुंडाळत गेली, आतली वस्तू दिसेनाशी होईपर्यंत. २००५ साली ती गेली तोवर अशी सुमारे २०० शिल्पं तिनं केली. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

त्या दोन वर्षांत कुणी म्हटलं असतं की ही काही करत नाही, हिची जागा दुसऱ्याला द्या, तर? आमच्याकडे प्रतीक्षायादी आहे आणि हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. माणूस येतोय ना? मग त्याचं टेबल त्याचंच. वर्षभर एक मावशी आमच्याकडे फक्त कागद फाडायच्या. आमचे सोबती, म्हणजे मदतीला असणारी माणसं, रोज नवा कागद ठेवायचे आणि फाटलेले तुकडे एका डब्यात जपून ठेवायचे. तेराव्या महिन्यात मावशींनी स्वतःच डबा ओतला आणि तुकडे एकावर एक रचायला घेतले. तुकडे टाकून दिले असते तर रचायला काय उरलं असतं?

मात्र नुसतं वाट पाहत बसूनही चालत नाही. जुडिथला धागा मिळाला तो कुणीतरी आणला म्हणून. दर दोन-तीन महिन्यांनी नवं काहीतरी आणा : माती, तार, कोरायचा साबण, छपाईचे ठसे, जुने कपडे, रेती. टेबलावर ठेवा, स्वतः शेजारी बसून त्याच्याशी काहीतरी करत राहा. बोलावू नका. ज्याला यायचं तो येतो.

हात पाठीमागे

आमच्याकडे शिक्षक नाहीत, आम्ही त्यांना सोबती म्हणतो. नव्या सोबत्याला पहिला महिना मी एकच काम देते. दुसऱ्याच्या चित्राजवळ उभं राहायचं ते हात पाठीमागे बांधून.

हे मी चुकून शिकले. स्टुडिओचं दुसरं वर्ष होतं. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. एका काकांनी काढलेल्या चेहऱ्याला एकच डोळा होता. मला वाटलं, राहून गेला असेल. ते घरी गेल्यावर मी दुसरा डोळा काढला. त्यांच्याच रंगानं, अगदी त्यांच्याच रेघेसारखा. प्रदर्शनात काकांनी चित्र पाहिलं, काही न बोलता बराच वेळ पाहिलं आणि ते निघून गेले. पुढे तीन आठवडे आले नाहीत. मी घरी गेले तेव्हा त्यांच्या बहिणीनं सांगितलं, "तो म्हणतो, ते माझं नाही." मी माफी मागितली. आल्यावर त्यांनी त्या चित्रावर पांढरा रंग फिरवला आणि पुन्हा एकच डोळा काढला. ते चित्र आता माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे, त्यांच्या परवानगीनं.

मग मदत करायचीच नाही का? करायची, भरपूर करायची. फ्रेंच चित्रकार आँरी मातिस यांच्यावर १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली, पुढची वर्षं त्यांनी बरीचशी पलंगात आणि व्हीलचेअरवर काढली. सहायक कागद रंगवून द्यायचे, मातिस कात्रीनं आकार कापायचे, आणि ते सांगतील तिथे सहायक ते भिंतीवर टाचायचे. त्या चित्रांना कुणी सहायकांची चित्रं म्हणत नाही, कारण रंग कुठला, आकार कुठला, कुठे लावायचा आणि कधी थांबायचं हे मातिस ठरवत होते. तीच रेघ आपणही आखायची. हात कुणाचाही चालेल, ठरवणं कलाकाराचं. बोलता न येणाऱ्या माणसाला एका वेळी दोनच डब्या दाखवा, एक इकडे, एक तिकडे. नजर कुठे थांबते ते बघा. मग डब्यांच्या जागा उलट करून पुन्हा दाखवा, कारण काही जण नेहमी एकाच बाजूला बघतात. वेळ लागतो. एका निळ्या रंगाला आमची पंधरा मिनिटं गेलेली आहेत, आणि ती योग्य कामी लागली.

"छान!", "वा, काय सुंदर!" हेही जपून वापरा. अपंग माणसाला आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर असं 'छान' ऐकावं लागतं. आम्ही दिसतं ते बोलतो. "आज काळा जास्त आलाय." "हा कोपरा मोकळा ठेवलात." चांगलं वाटलं तर कुठे आणि का ते सांगतो, नाही वाटलं तर तेही. मला माझ्या पहिल्या डावखुऱ्या अक्षरांवर कुणीतरी म्हणालं होतं, "ह्यातला क उभा राहत नाहीये." मी घरी जाताना आनंदात होते. कुणीतरी मला पुन्हा कामाच्या मापानं मोजलं होतं.

हाताला जमेल असं हत्यार

महागडी साधनं लागत नाहीत, निरीक्षण लागतं. मूठ नीट वळत नसेल तर ब्रशच्या दांड्यावर पाइपला लावतात तो फोमचा नळा चढवा, किंवा टेनिस बॉलला भोक पाडून त्यातून ब्रश घाला. बोटं अजिबात धरत नसतील तर तळव्याभोवती पट्टा आणि त्याला खिसा, त्यात ब्रश. फ्रेंच चित्रकार रन्वार यांचे हात संधिवातानं इतके वाकडे झाले होते की तळव्याची कातडी सोलू नये म्हणून ते हाताला कापड गुंडाळत आणि ब्रश कुणीतरी हातात देत असे. मोठ्या कॅनव्हाससाठी त्यांनी रूळ बसवून घेतले होते, म्हणजे हात हलवण्याऐवजी कॅनव्हासच सरकायचा. ही युक्ती आम्ही एका ताईंसाठी कागदाच्या गुंडाळीवर केली. त्यांचा हात फक्त तळहाताएवढ्या जागेत फिरतो. आता त्यांची चित्रं वीस-वीस फूट लांब असतात.

हात थरथरत असेल तर जड ब्रश बरा पडतो, शिवाय मनगटाला टेकू द्या. पाट्या रंगवणारे टोकाला कापडाचा गोळा बांधलेली काठी पाटीवर टेकवतात आणि तिच्यावर हात ठेवून अक्षर ओढतात. माझी जुनी काठी आज स्टुडिओत सगळ्यात जास्त वापरली जाते. कागद सरकू नये म्हणून खाली ओलसर फडकं किंवा रबरी जाळी पुरते.

अंध कलाकाराच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी, आणि तिला कुणीही हात लावायचा नाही. रंगांची ताटली घड्याळासारखी मांडा : बाराला पांढरा, तीनला पिवळा, सहाला लाल, नऊला निळा. डब्यांना रबर बँड, लालला एक, निळ्याला दोन. पिवळ्यात थोडी रेती मिसळली की बोटाला कळतो. डिंकानं चिकटवलेली सुतळी म्हणजे हाताला लागणारी रेघ. दृष्टी गेली म्हणजे चित्र गेलं असं मानणाऱ्यांना मी चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींचं नाव सांगते. १९५६-५७च्या सुमारास डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले, शांतिनिकेतनात भित्तिचित्र केलं.

रंग बिनविषारीच घ्या. काही जण ब्रश तोंडात धरून रंगवतात, काही जण सहज बोटं चाटतात. टर्पेंटाइन आम्ही आत येऊच देत नाही. पाण्यासाठी काचेची भांडी नकोत.

फिट येणारी माणसं असतील तर सगळ्या सोबत्यांना हे पाठ हवं : घड्याळ बघा, आसपासच्या कात्र्या, कटर हलवा, डोक्याखाली मऊ काही द्या, दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर रुग्णवाहिका. शुद्धीवर आल्यावर त्या माणसाला त्याचं टेबल आहे तसंच दिसू द्या.

विक्री, सही, हक्क

चित्र विकायचं की नाही हे कलाकारानं ठरवायचं, पालकांनी नाही, स्टुडिओनंही नाही. काहींना आपलं काम देववत नाही, तेही ठीक. विकलं तर कलाकाराला किती आणि स्टुडिओला किती हे पहिल्या दिवशी लेखी ठरवा, त्याला समजेल अशा भाषेत, गरज पडली तर चित्रांनी. आम्ही निम्मं-निम्मं करतो. कुणाला अपंगत्वाची पेन्शन मिळत असेल तर या उत्पन्नानं ती अडते का हे आधी विचारून घ्या.

स्वामित्वहक्क कलाकाराचाच. बर्न करार हा स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय करार मानणाऱ्या देशांत तो काम झालं त्या क्षणी मिळतो, नोंदणी लागत नाही. म्हणून दिनदर्शिकेवर, पिशवीवर चित्र छापायचं तर प्रत्येक वेळी वेगळी संमती घ्या.

प्रदर्शनात चित्राखाली आजाराचं नाव लिहू नका. कलाकाराचं नाव, माध्यम, वर्ष. स्वतःबद्दल आणखी काही सांगायचं असेल तर तो सांगेल. आणि 'अपंग' म्हणायचं, 'दिव्यांग' म्हणायचं की काहीच नाही, हे त्या त्या माणसाला विचारा. मी स्वतःला अपंग म्हणते. आमच्याकडच्या दोघांना तो शब्द चालत नाही.

तोंडानं चित्रं काढणाऱ्या एरिख स्टेगमान यांनी १९५६ साली तोंडानं आणि पायानं रंगवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, ती याच आग्रहानं की आम्हाला दान नको, कामाचा मोबदला हवा. जागेसाठी, अनुदानासाठी अर्ज कराल तेव्हा दयेचा सूर लावू नका. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं ३०वं कलम लावा. आपली सर्जनशक्ती वाढवण्याची आणि वापरण्याची संधी, केवळ स्वतःसाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

किती वर्षांचा हिशोब धरायचा, असंही अर्जात विचारतात. नेना कालू ही स्वमग्न, फारच थोडं बोलणारी कलाकार लंडनच्या ॲक्शनस्पेस या संस्थेच्या आधारानं १९९९पासून काम करते. टर्नर पारितोषिक हे ब्रिटनमधलं कलेचं मोठं पारितोषिक तिला २०२५ साली मिळालं. एवढ्या काळात तिचं टेबल कुणी काढून घेतलं नाही, हे मला त्या पारितोषिकाइतकंच मोठं वाटतं.

दिवस संपताना

शेवटची वीस मिनिटं कामाची नाहीत, आवराआवरीची. ब्रश धुवा, ताटलीतल्या ओल्या ॲक्रिलिकवर ओलं फडकं आणि वर प्लास्टिक टाका, मातीच्या कामावर ओला कपडा गुंडाळा. प्रत्येक टेबलाचा वरून एक फोटो काढा. कधी वस्तू हलली तर परत तशीच मांडता येते. साफसफाईला येणाऱ्या मावशींना टेबलांवरून फडकं न फिरवण्याबद्दल समक्ष सांगा, पाटी पुरत नाही. आमच्या मावशींना मी एकदा सगळ्यांची अर्धी चित्रं एकेक करून दाखवली, कोणाचं कोणतं ते सांगितलं. आता त्या झाडताना काही पडलेलं दिसलं, तर उचलून नेमकं कुणाच्या टेबलाखाली होतं ते चिठ्ठीवर लिहून ठेवतात. कालची चिठ्ठी होती : "खिडकीजवळच्या काकांचा निळा कागद, बारका, खुर्चीच्या डाव्या पायाशी."